कशावरून म्हणता, डॉक्टर?

पाळी जाऊन तीन-चार वर्षं झालेल्या बाईला एखाद्या सकाळी पुन्हा डाग दिसला, तर आजूबाजूच्या बायकांकडे उत्तरं तयार असतात. उष्णता झाली असेल, सब्जा घे. काहीतरी जड उचललं असशील. जाता जाता असं होतंच, माझ्या थोरल्या जावेला दोन वर्षं चालू होतं. त्या बाईलाही यातलं काहीतरी पटवून घ्यायचंच असतं, कारण दवाखान्यात जायचं म्हणजे कुणाला तरी सांगावं लागणार, कुणाला तरी बरोबर न्यावं लागणार आणि तिथे टेबलावर झोपावं लागणार.

वैद्यकशास्त्राचा हिशेब मात्र सरळ आहे. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली, असं धरायचं. त्यानंतर रक्ताचा एक ठिपका दिसला तरी तो तपासून घ्यायचा. अशा दहा बायका तपासल्या तर साधारण नऊजणींना कॅन्सर नसतो. कुणाच्या आतलं अस्तर पातळ झालेलं असतं, कुणाला छोटा पॉलिप असतो. दहावीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि अशा वेळी लवकर सापडला तर तो बहुधा बरा होतो. आता या दहातली दहावी कोण, हे डागाकडे बघून कळत नाही. सब्जा पिऊनही कळत नाही.

हे पुस्तक बायकांच्या अशा कॅन्सरांबद्दल आहे. पिशवीचं तोंड, पिशवी, बीजांडकोश, योनिमार्ग आणि बाहेरचं योनिद्वार, या पाच जागांबद्दल. पण मला प्रस्तावना लिहावीशी वाटली ती त्यातल्या दुसऱ्या भागामुळे. लक्षण ओळखल्यानंतर डॉक्टरसमोर बसून बाईने नेमकं काय बोलायचं, काय मागायचं आणि कधी उठून दुसरीकडे जायचं, हे मराठीत इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी लिहिलं असेल. मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसणारी डॉक्टर आहे. तिथून जे दिसतं ते सांगते.

आपल्याकडच्या बाईला दोन उलट्या गोष्टींचा धोका असतो. एक वर सांगितला. दुसरा असा की, पस्तिशीतल्या बाईच्या अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, म्हणून ती दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. तिला सांगितलं जातं, ‘पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, ठेवलीत तर पुढे कॅन्सर होईल.’ आठवड्याच्या आत तिची पिशवी काढलेली असते. पहिलीला ‘काही नाही हो’ म्हणून कुणी तपासलं नाही, दुसरीला ‘कॅन्सर होईल’ म्हणून कुणी तपासलं नाही. दोघींच्या बाबतीत मधली एकच पायरी गाळली गेली. आत डोळ्यांनी बघणं, गरज असेल तर तुकडा घेऊन तो तपासायला पाठवणं आणि आलेला रिपोर्ट बाईच्या हातात देणं. ‘काही नाही’ म्हणणाऱ्यालाही आणि ‘कॅन्सर होईल’ म्हणणाऱ्यालाही विचारायचा प्रश्न एकच आहे, कशावरून? पुढची सगळी प्रकरणं मी या प्रश्नाचा विस्तार म्हणून वाचली.

पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरपासून सुरुवात करू, कारण आपल्या देशात या पाचांत तोच सगळ्यांत जास्त आणि त्याची लाज वाटावी अशी परिस्थितीही तिथेच. भारतात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना तो होतो आणि ऐंशी हजारांच्या घरात बायका त्याने जातात. हा कॅन्सर एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही या विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षं टिकला, की पेशी हळूहळू बदलत जातात. बदललेल्या पेशी दिसू लागल्यापासून खरा कॅन्सर होईपर्यंत बहुतेक वेळा दहा-दहा वर्षं हातात असतात. शोधण्यासाठी एवढी सवलत फार थोडे आजार देतात.

आणि ते कसं शोधायचं हे ज्या संशोधनाने जगाला दाखवलं, ते आपल्याच मातीतलं आहे. 1999 साली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून एक अभ्यास सुरू केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट. कुठे एचपीव्हीची चाचणी, कुठे पॅप, म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन तपासणं, कुठे व्हिनेगरची तपासणी आणि कुठे नेहमीचाच कारभार. 2009 साली निष्कर्ष छापून आले. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात पुढे गेलेले कॅन्सर आणि त्यांनी होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांमध्ये टाटाच्याच दुसऱ्या एका अभ्यासात दहावी शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण देऊन व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी करवली गेली. तिथे या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

या व्हिनेगरच्या तपासणीत नेमकं काय होतं ते सांगते, कारण ऐकीव भीतीच फार असते. बाई टेबलावर झोपते. सिस्टर स्पेक्युलम नावाचं बदकाच्या चोचीसारखं साधन आत सरकवते, दिवा लावते. पिशवीचं तोंड दिसतं, गुलाबी, गुळगुळीत, मध्ये एक बारीक भोक. त्यावर पातळ केलेल्या ॲसेटिक ॲसिडचा, म्हणजे व्हिनेगरचा, कापसाचा बोळा लावायचा आणि मिनिटभर थांबायचं. निरोगी भाग गुलाबीच राहतो. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो, कडा स्पष्ट दिसतात. थोडं चुरचुरतं. पाच मिनिटांत बाई खाली उतरून साडी नीट करत असते. सरकारी धोरणानुसार तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईची ही तपासणी दर पाच वर्षांनी व्हायला हवी. प्रत्यक्षात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी जेमतेम दोन टक्के बायकांनी ‘कधीतरी तपासलं आहे’ असं सांगितलं. ज्या मातीत हे सिद्ध झालं, त्याच देशातला हा आकडा आहे.

तपासणी म्हणजे लक्षण नसताना करायची गोष्ट. लक्षण दिसू लागलं की मग तपासणीच्या शिबिराची वाट बघायची नाही. संबंधानंतर रक्त दिसणं, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जाणं, अंगावरून जाणाऱ्या पाण्याला घाण वास येणं किंवा ते मांस धुतलेल्या पाण्यासारखं लालसर असणं, ही पिशवीच्या तोंडाची भाषा आहे. नुसतं पांढरं जाणं ही बहुतेक वेळा कॅन्सरची खूण नसते, आणि त्याने अंगातली ताकदही निघून जात नाही. यातलं संबंधानंतरचं रक्त ही गोष्ट बाई सगळ्यांत शेवटी सांगते, तीही डॉक्टरने विचारलं तरच. आणि आम्ही विचारत नाही. गोळ्या लिहितो. रक्त थांबवायची गोळी, जंतूंची गोळी, लोहाची गोळी. महिन्याने परत याच गोळ्या. स्पेक्युलम तोवर ट्रेमध्येच.

म्हणून या पुस्तकातलं एक वाक्य मी ठळक करून घेतलं आहे. ‘डॉक्टर, मला आतून तपासाल का?’ हे बाईने स्वतःहून म्हणायचं. यात निर्लज्जपणा काही नाही. उलट, रक्त जातंय म्हणून आलेल्या बाईला आतून न तपासता परत पाठवलं, तर ती भेट पुरी झालेलीच नाही असं मी मानते.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकते. एचपीव्ही संबंधांतून पसरतो हे कळल्यापासून या कॅन्सरला एक नवा वास चिकटला आहे. ‘तिला कसा झाला?’ असं कुजबुजत विचारलं जातं. संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या स्त्री-पुरुषांना हा विषाणू कधी ना कधी भेटतोच, आणि बहुतेकांच्या शरीरातून तो आपोआप निघूनही जातो. जन्मभर एकाच नवऱ्याबरोबर राहिलेल्या बाईलाही हा कॅन्सर होतो. त्यावरून चारित्र्य मोजायचं असेल तर मोजपट्टी आधी नवऱ्याला लावा, असं मी एका सासूबाईंना सांगितलं होतं. त्या पुन्हा आल्या नाहीत, सून मात्र आली.

बीजांडकोशाचा कॅन्सर सगळ्यांत फसवा. तो पोटात, खोल, मोकळ्या जागेत वाढतो, आणि त्याची लक्षणं कुठल्याही घरात रोज ऐकू येणारी. पोट फुगल्यासारखं वाटतं. दोन घास खाल्ले की पोट भरतं. ओटीपोटात, पोटात दुखतं. लघवीला सारखं जावं लागतं, घाई होते. हे काय, गॅस झालाय. आणि खरंच बहुतेक वेळा गॅसच असतो. मग ओळखायचं कसं? बाईच्या नेहमीच्या तक्रारींपेक्षा हे वेगळं आहे का, नवं आहे का आणि रोजचं झालंय का, यावरून. 2011 साली ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांनी त्याला आकडा दिला. अशी लक्षणं महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा होत असतील, विशेषतः वय पन्नाशीपुढचं असेल, तर सीए-125 ही रक्ताची चाचणी करा, ती वाढलेली असेल तर सोनोग्राफी करा.

आपल्याकडच्या बायका याला आकडा लावत नाहीत, पण त्यांच्या अंगावरचे कपडे ते आधीच सांगत असतात. ब्लाउज सैल होत चाललाय आणि परकराची नाडी मात्र पुरेनाशी झालीय. हात, खांदे, चेहरा वाळतोय आणि पोट वाढतंय. साठीची बाई ‘गॅसने पोट फुगलंय’ म्हणून आली आणि तिच्या कमरेवर नाडीचा घट्ट वळ दिसला, तर पोटात पाणी झालंय का ते बघायलाच हवं. तोवर तिच्या हातात बहुधा गॅसच्या गोळ्यांच्या तीन-चार चिठ्ठ्या असतात, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या. अभिनेत्री मनीषा कोईराला हिला 2012 साली बीजांडकोशाचा कॅन्सर असल्याचं कळलं, तेव्हा आपल्याकडे काही दिवस चर्चा झाली. तिने नंतर त्यावर पुस्तकही लिहिलं. पण पोट फुगणं हे या कॅन्सरचं लक्षण असू शकतं, ही एवढी गोष्ट आजही गल्लीतल्या बाईपर्यंत गेलेली नाही.

सीए-125 बद्दल इथेच सावध करते. ही चाचणी हल्ली ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये घुसवलेली असते. लक्षण नसताना ती करून काही फायदा होत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं चाललेल्या मोठ्या अभ्यासाचा 2021 सालचा निष्कर्ष असा की, रक्त आणि सोनोग्राफी यांनी नेमाने तपासत राहूनही या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. शिवाय ती कॅन्सर नसतानाही वाढते. पाळीच्या दिवसांत वाढते, एन्डोमेट्रिओसिसमध्ये वाढते, आणि आपल्या देशात विसरू नये असं कारण म्हणजे पोटाचा टीबी. पोटात पाणी, वजन कमी, सीए-125 वाढलेली, असं सगळं जुळून आलेल्या तरुण मुलीला कॅन्सर सांगितला गेला आणि निघाला टीबी, हे आमच्या क्षेत्रात नवं नाही. तिथेही प्रश्न तोच. कशावरून? पाणी तपासलं का, तुकडा तपासला का?

घराण्याचा इतिहास सांगताना बायका आईचं माहेर सांगतात, वडिलांची बाजू सांगत नाहीत. बीजांडकोशाच्या आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातला दोष बापाकडूनही येतो. आत्याला चाळिशीत स्तनाचा कॅन्सर झाला होता, ही गोष्ट मावशीच्या आजाराइतकीच डॉक्टरला सांगायची आहे.

आता सुरुवातीला सांगितलेल्या दुसऱ्या धोक्यासाठी बीडकडे वळते. 2019 साली विधिमंडळात दिल्या गेलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या. त्यांतल्या कित्येक ऊसतोड मजूर. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात. फडात ना पाणी, ना संडास, ना पाळीच्या कापडासाठी आडोसा. अशा बाईला पांढरं जातंय, कंबर मोडतेय, पाळीत रक्त जास्त जातंय. गावात परत आल्यावर ती दवाखान्यात जाते, आणि तिथे तिला कॅन्सरची भीती घातली जाते. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे सहातल्या एकीची. नंतर जिल्ह्यात अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली.

बीडची गोष्ट सांगताना लोक मुकादमावर आणि कारखान्यावर बोलतात, ते योग्यच आहे. मला डॉक्टर म्हणून वेगळं काही खुपतं. ‘तोंडाला जखम’ म्हणून जे सांगितलं जातं, ते बहुतेक वेळा जखम नसतंच. पिशवीच्या तोंडाच्या आतलं लालसर अस्तर बाहेर डोकावतं, तरुण बायकांत ते सहज आढळतं आणि त्याला काही करावंही लागत नाही. ते कॅन्सरपूर्व आहे की नाही, हे दोन मिनिटांच्या पॅपने किंवा छोट्या तुकड्याने कळलं असतं. आणि याची दुसरी बाजू जास्त भयंकर आहे. तुकडा न तपासता पिशवी काढली आणि तिच्या तोंडाला खरंच कॅन्सर होता, असं नंतर कळतं. साधी पिशवी काढण्याचं ऑपरेशन अशा कॅन्सरसाठी बहुतेक वेळा पुरेसं नसतं. मग त्या बाईला पुन्हा रेडिएशन, आणि बरं होण्याची शक्यता आधीपेक्षा कमी. टाटासारख्या ठिकाणी अशा बायका येत राहतात, हातात ऑपरेशनचं बिल घेऊन. काढलेल्या पिशवीचा पॅथॉलॉजीचा रिपोर्ट त्यांच्याकडे नसतो. पुष्कळदा तो केलेलाच नसतो.

‘पिशवी काढलीय, आता कसली भीती’ हे म्हणणारी बाईसुद्धा पूर्ण सुटलेली नसते. कधी तोंडाचा भाग मागे ठेवलेला असतो, कधी बीजांडकोश. काय काढलं आणि काय ठेवलं हे तिला माहीतच नसतं. ऑपरेशनचा कागद जपून ठेवा हे साधं सांगणं त्यासाठी.

आता डॉक्टरच्या खोलीत काय होतं ते. बाई बसते, पण बोलतो बरोबरचा माणूस. नवरा म्हणतो, ‘हिला जरा पोटात दुखतं.’ सासू म्हणते, ‘खात नाही नीट.’ बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत असते. शेवटी निघताना, दाराशी, ती वळते आणि म्हणते, ‘डॉक्टर, ते… रक्तही जातं कधी कधी.’ तोवर बाहेर पुढचा नंबर पुकारलेला असतो. पुस्तकात लेखिकेने यासाठी सांगितलेली युक्ती मला फार आवडली. घरातूनच एका कागदावर पहिलं वाक्य लिहून न्यायचं आणि ते केसपेपरबरोबर डॉक्टरच्या हातात द्यायचं. ‘पाळी जाऊन चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात तीनदा रक्त दिसलं.’ बस्स. ‘काही नाही, जरा…’ अशी सुरुवात झाली की आम्ही पुढचं अर्धवट ऐकतो, हे मी आमच्या व्यवसायाच्या वतीने कबूल करते. ओपीडीत शंभर पेशंट असतात, ही सबब खरी आहे, पण ती कॅन्सर ऐकत नाही.

तारखा लिहून न्या. किती दिवस, किती कपडे किंवा पॅड, गाठी पडतात का, दुखणं कोणत्या बाजूला. डॉक्टरने गोळ्या दिल्या तर विचारा, ‘किती दिवसांत फरक पडायला हवा? नाही पडला तर पुढे काय करायचं?’ या प्रश्नाचं उत्तर नीट देणारा डॉक्टर सहसा विचार करणारा असतो. ‘आता तपासायची गरज नाही’ असं म्हणत असतील तर नम्रपणे म्हणा, ‘तसं केसपेपरवर लिहून द्याल का?’ हे लिहिताना हात थबकतो आणि पुष्कळदा स्पेक्युलम मागवलं जातं. लोकांना वाटतं असं बोललं तर डॉक्टर चिडतील. काही चिडतात. चिडू द्या.

लग्न न झालेल्या मुलीला आणि विधवेला या खोलीत वेगळीच अडचण असते. ‘मॅरीड का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आलं की आतून तपासणी आपोआप गळते. आम्हाला विचारायचं असतं संबंध आले आहेत का, पण तोंडाने लग्नाचं विचारतो. त्यातून खोटं उत्तर मिळतं आणि खोट्या उत्तरावर उपचार होतात. विधवेला तर कुणी विचारतच नाही. बाईने आईला, भावाला बाहेर बसायला सांगून एकटीने बोलायची वेळ मागावी. पुरुष डॉक्टर तपासत असेल तर खोलीत सिस्टर असावी, हा तिचा हक्कच आहे, रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेला. दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं हाही. आपले कागद मागितल्यावर ते बहात्तर तासांत मिळाले पाहिजेत, असा डॉक्टरांसाठीचा नियम 2002 पासून आहे.

कागदांचं महत्त्व किती असतं ते आयर्लंडच्या व्हिकी फेलन हिच्यामुळे जगाला दिसलं. 2011 साली तिचा पॅपचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला. 2014 साली तिला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. त्यानंतर सरकारी कार्यक्रमाने जुनी काचपट्टी पुन्हा तपासली तेव्हा कळलं, की पहिला रिपोर्ट चुकीचा होता. ते तिला सांगितलं गेलं 2017 साली. पुढे कॅन्सर परत आला. तिने तिचा पॅप तपासणाऱ्या अमेरिकन प्रयोगशाळेवर दावा लावला. एप्रिल 2018 मध्ये पंचवीस लाख युरोंची तडजोड झाली, पण ‘यावर बोलणार नाही’ या अटीवर सही करायला तिने नकार दिला. ती गप्प राहिली नाही म्हणून उघड झालं की, अशा दोनशेहून अधिक बायका आहेत आणि त्यांतल्या बहुतेकींना काहीच सांगितलेलं नाही. नोव्हेंबर 2022 मध्ये ती गेली. अमेरिकेतली अभिनेत्री फ्रॅन ड्रेशर हिलाही गर्भाशयाच्या कॅन्सरचं निदान व्हायला दोन वर्षं आणि आठ डॉक्टर लागले. पैसा, प्रसिद्धी, शिक्षण सगळं असून. म्हणजे हे दुखणं फक्त खेड्यातल्या बाईचं नाही.

सगळ्यांत जुनी गोष्ट हेन्रिएटा लॅक्सची. 1951 साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ही गरीब कृष्णवर्णीय बाई आली, तेव्हा आत गाठ आहे हे तिला स्वतःला जाणवत होतं. निदान झालं, रेडियम दिलं, त्याच वर्षी ती गेली, अवघी एकतीस वर्षांची. तिला न विचारता घेतलेल्या तुकड्यातल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत. त्यांच्यात पुढे एचपीव्ही-18 सापडला आणि विषाणूचा हा शोध लावणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळालं. त्या शोधाच्या वाटेवरूनच लस आली, आणि 2023 पासून पुण्याच्या सीरमने बनवलेली लसही बाजारात आहे. मुलीला लस दिली म्हणून पुढची तपासणी सुटत नाही, कारण लशीत विषाणूचे सगळे प्रकार येत नाहीत.

मला या पुस्तकातलं एक खटकलं. निदान झाल्यानंतरचा भाग लेखिकेने जेमतेम दहा पानांत उरकला आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे कागद कुठे करायचे, धर्मादाय रुग्णालयांत गरिबांसाठी राखलेल्या खाटा मागायच्या कशा, रेडिएशनच्या पाच-सहा आठवड्यांत परगावी राहायचं कुठे आणि घरी मुलांना कोण बघणार, या प्रश्नांपायी बायका उपचार अर्धवट सोडतात. ते दुसरं पुस्तक होईल, असं लेखिकेचं म्हणणं. मग ते लवकर लिहावं. तोवर वाचणारीने निदान रक्तस्रावाचं प्रकरण आधी वाचावं, वय तीस असो की सत्तर, आणि मागच्या कोऱ्या पानांवर आपल्या पाळीच्या तारखा लिहायला सुरुवात करावी.